डोमाजीच्या पाव्याचं चौथं भोक

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं, नळयोजनेतले अनुभव लिहा, लोकांना आवडतील. नळयोजनेतले अनुभव म्हणजे काय, तर पाइप फुटला, पाइप जोडला, पाइप परत फुटला. सिहोऱ्याच्या आसपासच्या गावांत फिटर म्हणून मी तीस वर्षं हेच केलं. त्यात लिहिण्यासारखं फार नाही. पण त्याच पाइपांच्या उरलेल्या तुकड्यांचे मी पावे करत आलो, निवृत्तीनंतर तर तोच धंदा झाला, आणि त्याबद्दल सांगण्यासारखं आहे. खरं तर एकाच पाव्याबद्दल, जो मी बिघडवला. सणाच्या अंकात रडगाणं नको असं ज्यांना वाटतं त्यांनी पहिलं दीड पान वाचून थांबावं. तेवढ्यात हसण्यापुरतं मिळेल.

आधी पावा म्हणजे काय ते सांगतो, कारण निम्मे लोक त्याला बासरी म्हणतात आणि मला राग येतो. बासरी आडवी धरतात. फुंकर कुठं नि किती मारायची हे ओठांना शिकवावं लागतं, आणि ते शिकता शिकताच बरेच जण बासरी खुंटीला टांगतात. पावा उभा. तोंडात धरायचा आणि फुंकायचं. वरच्या टोकात लाकडाचा डाट बसवलेला असतो. डाट आणि नळी यांच्यामध्ये पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढी फट ठेवायची. फुंकर त्या फटीतून जाते, पुढं एक खिडकी कापलेली असते तिच्या धारेवर आपटते आणि तिथं आवाज होतो. जत्रेतली पोरांची शिट्टीही अशीच वाजते. फरक एवढाच की ती वीतभर असते म्हणून किंचाळते. माझा पावा एक इंची पाइपाचा, दोन फुटांना दोन बोटं कमी. नळी लांब झाली की आवाज खाली उतरतो. माझ्या पाव्याचा सगळ्यात खालचा सूर म्हणजे रवंथ करत बसलेल्या म्हशीनं सुस्कारा टाकावा तसा. कानाला तो जवळून साधा वाटतो, पण लांब जातो.

एवढ्या लांब नळीवर सहा भोकं एकमेकांपासून दूर पडतात. बोटांच्या टोकांनी ती झाकत नाहीत, मधल्या पेरांनी झाकावी लागतात. नवा माणूस पहिले आठ दिवस बोटं चोळत बसतो आणि मला शिव्या देतो.

आमचं घर ढिवराचं. बाप तलावात जाळं टाकायचा, आणि मासे धरायचे सापळे विणायला नाकाडोंगरीकडच्या जंगलातला बांबू आणायचा. अंधाऱ्या पाखात, म्हणजे वद्य पक्षात तोडलेला, तसा तोडला की त्याला भुंगा लागत नाही. त्यातलाच एखादा लांब पेराचा तुकडा घेऊन मी पहिला पावा केला. तो चैत्रात उन्हानं तडकला. दुसरा तडकला. मग नोकरी लागल्यावर हातात प्लास्टिकचा पाइप आला आणि डोक्यात आलं की हा तडकत नाही, भुंगाही खात नाही. गावात लोक हसले. एकानं विचारलं, "काय गा फिटर, नळाचा पावा वाजवला तं पानी येईन का?" मी म्हटलं, नळाला तरी कुठं येतं. 

डाटासाठी मात्र मी कधी प्लास्टिक वापरलं नाही. कळंबाचं लाकूड तोंडाच्या ओलीनं थोडं फुगतं आणि फट नीट बसते. ही माझी स्वतःची युक्ती आहे, कुणी शिकवलेली नाही, म्हणून इथं मुद्दाम लिहून ठेवतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. तुमसरच्या एका राईस मिलवाल्या शेठना वाजवता काहीच येत नव्हतं, पण जिल्ह्यातला सगळ्यात लांब पावा आपल्या बैठकीत पाहिजे होता. करून दिला. वर्षभरानं परत घेऊन आले, माल खोटा दिला म्हणून. मी नळी उजेडाकडं धरली तर आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. म्हटलं शेठ, भाडेकरू बसवलात, आवाज कसा येईल. सानगडीच्या एका निवृत्त गुरुजींनी पावा नेला आणि महिन्याभरात त्यांच्या घरच्या बाई एकट्याच बस धरून माझ्याकडं आल्या. त्यांचं म्हणणं, गुरुजींना न कळता ह्याचा आवाज अर्धा करून द्या. मी फट थोडी बुजवली. गुरुजी पुढं भेटले तेव्हा म्हणाले, वयोमानानं दम कमी पडतो आहे. मी मान हलवली. धंद्यात काही गोष्टी पोटात ठेवाव्या लागतात.

पण माझा खरा अभिमान होता सुराचा. आमच्याकडं गावची ढोरं राखणारे गोवारी पिढ्यान्‌पिढ्या पावा वाजवत आले. ते स्वतःच तो करत, आणि आपल्या अंगाच्या मापानं करत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात, वर चार बोटं, एवढी नळी. भोकांमध्ये तीन तीन बोटांचं अंतर. तापल्या सळईनं भोक पाडलं की झालं. ज्याची बोटं जाड त्याची भोकं लांब लांब. म्हणून एकाचा पावा दुसऱ्याशी कधी जुळत नसे. मला हे अडाणीपणाचं वाटायचं. मी भजनी मंडळाची पेटी मांडीजवळ घेऊन भोकं कानशीनं घासायचो, आणि पुढं मोबाइल आला तेव्हा त्यातल्या सूर दाखवणाऱ्या काट्यावर ती मिळवायला लागलो. काटा मधोमध उभा राहिल्याशिवाय पावा माझ्या घरातून बाहेर जात नसे. चार गावच्या भजनी मंडळांत माझे पावे पेटीसोबत वाजतात. कुणी विचारलं तर हे मी आधी सांगायचो. आता सांगताना जीभ जड होते.

डोमाजी माझ्याकडं आला तो दसऱ्यानंतर. नाकाडोंगरीच्या अलीकडं तलावाला लागून एक खेडं आहे, तिथला तो गोवारी. बापानंतर गावची ढोरं त्यानंच राखली, चाळीस वर्षांवर. सोबत त्याची बायको पारबताबाई. डोमाजीच्या तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला होता. त्यानं तो सोडला आणि मी खाली पाहिलं. खर्ऱ्यानं तोंडाचा कॅन्सर झाला होता. आमच्या भागात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे खातात. नागपूरला ऑपरेशन होऊन डावीकडचा जबडा काढला होता, जीभही अर्धीच उरली होती. बोलणं गेलं होतं. माझ्या गालात त्या वेळी खर्रा होता. मी उठून परसात गेलो, थुंकलो, चूळ भरली आणि परत येऊन बसलो.

पारबताबाईनं पिशवीतून पावा काढला. बांबूचा, हाताळून हाताळून काळा पडलेला, तोंडाशी दातांच्या खुणा. ती डोमाजीकडं हात करून म्हणाली, "ढोराईले हाक माराले यायच्यापाशी आवाज नाई रायला जी. हा पावाच हाये. पन तोंड मिटत नाई, हवा बाजूनं निंगून जाते. याले असं तोंड लावून द्या का यायले फुकता आलं पायजे."

तिनं पुढं जे सांगितलं ते थोडक्यात असं. ऑपरेशनच्या काळात तिचा दीर ढोरं पाहत होता, पण तो आता मजुरीला बाहेरगावी जाणार होता. गावानं डोमाजीला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. त्याच्या हाकेला ढोरं येतात असं दिसलं तर त्याचं काम त्याच्याकडं, नाहीतर ज्यानं त्यानं आपली ढोरं आपल्या दावणीला बांधावी. आता गावात ढोरं तरी किती उरलीत, ट्रॅक्टर आले. तरी डोमाजीला दुसरं काही येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं. ती हे सांगत असताना तो माझ्या भिंतीवरचे पावे पाहत होता.

मी ते काम जीव ओतून केलं, हे आधी सांगतो. पाइपाचा तुकडा चुलीवर धरून मऊ केला, चपटा केला, उजव्या गालाच्या आत जाईल असा वळवला. हवा सुटू नये म्हणून त्यावर सायकलच्या ट्यूबची कड चढवली. पहिला तुकडा त्याच्या हिरडीला टोचला. दुसऱ्यातून हवा गेली. डोमाजी दर दोन दिवसांनी बसनं यायचा आणि मी नवा तुकडा पुढं ठेवायचो. आठवा बसला. मग मी जुन्या पाव्याचं तोंड करवतीनं कापलं, नवं बसवलं, कळंबाचा नवा डाट घातला. कापलेला तुकडा सवयीप्रमाणं चुलीत गेला.

डोमाजीनं तोंड लावलं, फुंकलं, आणि आवाज आला. तो थांबला. परत फुंकलं. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्यानं ते पुसलं नाही. पारबताबाई भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. माझ्या घरचे सगळे दारात आले होते. मी आयुष्यात बऱ्याच गावांना पाणी पोचवलं, पण तेव्हा वाटलं तसं कधी वाटलं नाही.

तिथं मी थांबायला पाहिजे होतं.

ते दोघं आत चहाला गेले. पावा माझ्या हातात होता. मी सवयीनं एक एक सूर वाजवून मोबाइलचा काटा पाहिला. बाकीचे सूर थोडे इकडं तिकडं, चालण्यासारखे. पण खालून चौथं भोक, म्हणजे पंचम, चांगलाच उतरलेला होता. कानाला आंबट लागेल इतका. त्याच्या बोटांचं माप जरा जाड, म्हणून ते भोक खाली पडलेलं. माझ्या घरातून असा पावा कधी गेला नव्हता. मी गोल कानस घेतली आणि भोकाची वरची कड घासली. सहा-सात वेळा, फार नाही. काटा मधोमध आला. मी भुकटी फुंकून टाकली.

कुणी मला ते सांगितलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नाही.

डोमाजी बाहेर आला, पावा उचलून वाजवला, थांबला, पाव्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. परत वाजवला. मला वाटलं, गडी चकित झाला. मी हसून मान हलवली. त्याला बोलता येत असतं तर त्यानं तिथंच विचारलं असतं, काहून घासलं म्हणून. पण मी त्याचं काम वाचवलं या आनंदात होतो, आणि तो उपकाराखाली होता. त्यानं हात जोडले आणि गेला.

दिवाळीत आमच्याकडं गायगोधन असतं. ढोरांची शिंगं रंगवतात, गळ्यात माळा घालतात, गोवारी डफ आणि पावा वाजवत नाचतात, शेणाच्या गोधनावरून ढोरं नेतात. त्या दिवशी मी मुद्दाम त्या गावाला गेलो. डोमाजी सगळ्यांच्या पुढं होता. गालात माझं केलेलं तोंड, वरून दुपट्टा. लोक म्हणत होते, पाव्याचा आवाज काय गोड झाला, पेटीसारखा. सरपंचांनी मला नारळ दिला. मी तो घेतला. ढोरं डफाच्या दणक्यानं आणि गर्दीच्या रेट्यानं चालली होती, पाव्यामागं नव्हे. त्या दिवशी ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मला कळलं ते आठ दिवसांनी, नळाच्या लाइनवर काम करणाऱ्या एका ओळखीच्याकडून. डोमाजीची पद्धत अशी होती की दुपारी ढोरं तलावाच्या पलीकडं पसरू द्यायची, आणि दिवस कलला की तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहून पावा फुंकायचा. आधी सगळ्यात खालचा सूर, लांब. मग तो चौथ्या भोकाचा. दोनच सूर. पिढ्यान्‌पिढ्या ढोरं त्याला येत होती, वासरं गायींमागं शिकत होती. सणानंतर ढोरं परत त्याच्याकडं आली आणि पहिल्याच दिवशी त्यानं तसं फुंकलं. ढोरांनी माना वर केल्या आणि परत चरायला लागली. त्यानं किती वेळ फुंकलं ते पाहणाऱ्यांनाही सांगता येईना. त्याच्या घरची म्हातारी गाय तेवढी आली. बाकीची पांगली आणि दोघातिघांच्या उभ्या धानात शिरली. भारी धान, म्हणजे उशिरा पिकणारं, कापणीला आठ दिवस उरलेलं. लोक काठ्या घेऊन धावले. ज्यांचं धान गेलं ते डोमाजीवर ओरडत होते आणि तो मधोमध उभा होता. उत्तर द्यायला तोंड नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आखरावर, म्हणजे जिथं गावची ढोरं गोळा होतात तिथं, एकही ढोर आलं नाही. लोकांनी आपापली बांधून ठेवली होती.

चूक तोंडाची असेल, त्याच्या दमाची असेल, असं मी दोन दिवस स्वतःला समजावलं. मग ते दोघं आले. डोमाजीनं पावा माझ्या पुढ्यात धरला, माझं बोट धरून चौथ्या भोकावर ठेवलं आणि मान आडवी हलवली. पारबताबाईनं त्याचं म्हणणं सांगितलं, "हा यायचा सूर नोहे म्हनून रायले." मला सगळं समजलं. मी तिला सांगितलं की मी ते भोक घासलं, बरं करायला गेलो.  तिनं चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

तिथून पुढं प्रत्येक रविवारी ते यायचे. आम्ही तो सूर शोधत होतो. सांगायला सोपं वाटतं. घासलेल्या कडेला मेण लावायचं, भोक लहान करायचं, सूर उतरवायचा. पण किती? मी आधीचं माप घेतलं नव्हतं. काटा किती उतरला होता तेही पाहून ठेवलं नव्हतं, नुसता उतरला आहे एवढंच पाहिलं होतं. शिवाय तोंड बदललं, डाट बदलला, नळीची लांबी कणभर बदलली. फिटरचा पहिला धडा असतो, एका वेळी एकच गोष्ट हलव, नाहीतर बिघाड कुठं आहे ते कळत नाही. तीस वर्षं मी हे हाताखालच्यांना शिकवलं. आणि जुनं तोंड चुलीत घातलं होतं.

डोमाजी फुंकायचा, मान आडवी हलवायचा. मी मेण वाढवायचो. परत फुंकायचा. हातानं दाखवायचा, जरा वर, जरा खाली. पेटीवर दाखवू म्हटलं तर पेटीत तो सूर नव्हताच, दोन पट्ट्यांच्या मधला होता. गुणगुणून दाखवता येत नव्हतं, गळ्यातून नुसती घरघर यायची. त्याच्या डोक्यात सूर होता, माझ्या हातात भोक होतं, आणि दोन्हींच्या मध्ये रस्ता नव्हता. पारबताबाई तेवढा वेळ छपरीच्या पायरीवर पाठ टेकून बसलेली असायची, बसची वेळ पाहत.

कधी कधी त्याचा चेहरा उजळायचा आणि मला वाटायचं सापडला. पुढच्या रविवारी तोच सूर त्याला पटायचा नाही. आता माझ्या मनात येतं की दर रविवारी नवे नवे सूर ऐकून ऐकून त्याच्या डोक्यातला मूळचाही पुसट होत चालला होता. म्हणजे तोही मीच पुसला.

फाल्गुनात दुखणं परत उलटलं. मानेला गाठ आली. डॉक्टरांनी आता नागपूरला नेऊ नका असं सांगितलं. तरी एका रविवारी तो आला, दोन माणसांनी धरून बसमधून उतरवला. मी मेण लावलं. त्यानं फुंकलं, अर्धाच सूर निघाला, आणि त्यानं मान उभी हलवली. हो म्हणून. मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तो सूर तो नव्हता, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तो मला मोकळं करत होता. माझ्या खांद्यावर त्यानं हात ठेवला, थोडा दाबला, आणि पावा माझ्या पाटावरच ठेवून निघून गेला. त्या दिवशी मी जेवलो नाही. खर्रा त्याच दिवशी सुटला, पण ते कुठल्या पुण्याच्या खाती धरू नये.

चैत्रात तो गेला. तेरवी झाल्यावर दोन दिवसांनी मी पावा परत द्यायला निघालो. मोटरसायकलच्या मागं बांधला होता. ऊन असं की रस्ता डोळ्यांसमोर हलत होता. त्यांचं घर तलावाच्या पाळीच्या पायथ्याशी, शेवटचं. पारबताबाईनं अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. तिनं मला बसायला दिलं.  मी पावा पुढं केला आणि म्हटलं, तुमच्या घरची वस्तू आहे, तुमच्याकडं राहू द्या. ती म्हणाली, "मले काय कराचा जी? तुमीच ठेवा. तुमाले वाजवता तं येते." मी ठेवून घ्या म्हटलं, तिनं हात पुढं केला नाही. तेव्हा मी तो मांडीवर घेऊन बसलो. तिनं त्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल थोडं सांगितलं, पाणीही गिळता येत नव्हतं म्हणाली. त्यांची ती म्हातारी गाय गोठ्यात बसली होती. ती कुणीही विकत घेतली नसती.

दिवस कलायला आला. निघायच्या आधी म्हटलं, डोमाजी उभा राहायचा ती जागा तरी पाहून येतो. गाडी अंगणात ठेवून मी पाळीवर चढलो आणि पारबताबाईनं सांगितलेल्या दूरच्या टोकापर्यंत चालत गेलो. तलावात पाणी कमी होतं, कडेचा गाळ भेगाळला होता. पलीकडं रिकामं रान. एकही ढोर नव्हतं. मी उभा राहिलो आणि माझ्या नकळत पावा तोंडाला लावला. त्याच्यासाठी केलेलं तोंड माझ्या गालात नीट बसत नव्हतं. तरी खालचा सूर निघाला, लांब. मग मी चौथं भोक उघडलं आणि सूर भलताच खाली बसला. बोट लावून पाहिलं तर मेण उन्हानं वितळून भोकाच्या कडेवर ओघळलं होतं, मी कधी लावलं असतं त्यापेक्षा जास्त. मला चीड आली. एवढे रविवार घातले, आणि सगळा खेळ तासाभराच्या उन्हात वाहून गेला. परत एकदा दोन्ही सूर फुंकले, ते मेण खरवडून काढायच्या आधी. नखही लावलं होतं. मग वाटलं, राहू दे, आता कुणासाठी. पावा खाली धरून मी पाळीवरून उतरलो.

अंगणात आलो तर पारबताबाई दाराशी उभी होती. पायरीजवळ पाण्यानं भरलेली बादली होती आणि तिच्यावर तांब्या. मघाशी तिथं काही नव्हतं. ती बादलीकडंच पाहत होती, जशी ती कुणी दुसऱ्यानंच आणून ठेवली असावी.

मी विचारलं, काय झालं.

ती म्हणाली, "पाळीवरून हाक आली का यायच्या पायाले पानी काढाचं. लगन झालं तवापासून. आता आवाज आला अना हात आपोआप बादलीकडं गेला." मग पाव्याकडं पाहून म्हणाली, "हाच होता जी तो."

मी मोहफुलांच्या शेजारीच बसलो. विचारलं, मग एवढे रविवार तुम्ही तिथंच बसून होतात, एकदाही कसं बोलला नाहीत.

"तिथं जवळून मले कसा कळन? मी तं जलमभर इथून आयकला. अना मले कोनी इचारलंच नाई."

खरंच विचारलं नव्हतं. मी पेटीला विचारलं, मोबाइलला विचारलं, डोमाजीला विचारलं. वाजवणारा पावा जवळून ऐकतो. ज्याच्यासाठी वाजवायचा त्याला तो लांबून ऐकू येतो, आणि लांबून ऐकणारं एकच माणूस माझ्या छपरीच्या पायरीवर बसून होतं. तिला एकदा रस्त्याच्या टोकाला उभं केलं असतं आणि इकडून फुंकलं असतं तर कार्तिकातच काम झालं असतं. आखरावर परत ढोरं आली असती की नाही, मला माहीत नाही. पण डोमाजी आपली हाक ऐकून गेला असता. तेवढं तरी माझ्या हातात होतं.

पारबताबाई रडत नव्हती. मीच रडत होतो, आणि तिनं मला रडू दिलं. मग ती पुढं आली, बादली माझ्याकडं सरकवली आणि तांब्या भरून माझ्या हातात दिला.

"काढलंच हाये तं धुऊन घ्या पाय," ती म्हणाली.

मी चपला काढल्या आणि पाय धुतले.